तांबडी रेघ, काळी रेघ

इजिप्तमधली नाईलची सफर लक्सरहून अस्वानला करावी की अस्वानहून लक्सरला, याबद्दल प्रवासी कंपन्या फारसं बोलत नाहीत. ज्या दिवशी जी बोट सुटते ती आपली. पण हाताशी निवड असेल तर अस्वानहून निघावं, असं मी आता कुणालाही सांगेन. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे अस्वानहून निघालेली बोट प्रवाहाबरोबर जाते आणि आपण काळात मात्र मागे मागे सरकत राहतो. फिली, कोम ओम्बो, एडफू, एस्ना ही वाटेवरची देवळं मुख्यतः ग्रीक टॉलेमी राजांच्या आणि रोमन सम्राटांच्या अमलातली. लक्सरला पोचलं की त्याच्याही मागे हजार-बाराशे वर्षं जावं लागतं. धाकट्या देवळांवर नजर बसते आणि मग थोरली समोर येतात.

मी साताऱ्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. नोकरी संपल्यावर भाचीनं विचारलं, "मावशी, कुठे जायचं?" मी इजिप्त म्हटलं. ती सिव्हिल इंजिनियर, तिला धरण आणि दगड बघायचे होते. मला रेघ बघायची होती. एवढ्या उंच भिंतींवर, अंधाऱ्या बोगद्यांत, एकही आकृती न बिघडवता यांनी चित्रं काढली कशी, हा प्रश्न वर्गात पोरांना इजिप्शियन चित्रं दाखवताना दर वर्षी मनात यायचा. पाठ्यपुस्तकात पुरं झालेलं चित्र असतं, ते होतानाचं नसतं. तेव्हा जिथे काम अर्धवट राहिलंय ते आधी दाखवा, असं आम्ही गाईडला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तो पुरातत्त्व शिकलेला, परवानाधारक गाईड. त्याला ही मागणी इतकी आवडली, की पुढे ठिकठिकाणी तोच आम्हाला बाजूला घेऊन कोपरे दाखवू लागला.

ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, तिथून अस्वानला दुसरं. देवळांच्या तिकीट खिडकीवर आता बहुतेक ठिकाणी कार्डच चालतं, एवढं लक्षात ठेवावं.

अस्वानला पहिलं पाऊल ठेवलं ते ग्रॅनाइटच्या खाणीत. तिथे एक अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून घडवायचा उंच, टोकदार स्तंभ, आडवा पडलाय, खालच्या खडकाला अजून चिकटलेला. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांच्या वर. तडीला गेला असता तर इजिप्तमधला सगळ्यात मोठा ओबेलिस्क ठरला असता. कोरता कोरता दगडाला भेग गेली आणि काम तिथेच सोडलं. हे लोक ग्रॅनाइट फोडायला लोखंड वापरत नव्हते. डोलेराइट नावाच्या अधिक चिवट दगडाचे गोळे दोन्ही हातांत धरून ग्रॅनाइटवर आपटत राहायचं, भुगा झाडायचा, पुन्हा आपटायचं. ओबेलिस्कच्या दोन्ही अंगांना माणूस कसाबसा मावेल असे खंदक आहेत. खंदकात वाकून पाहिलं की तळाला आणि भिंतीला उथळ, गोलसर खळगे एकाला लागून एक दिसतात. हे खळगे म्हणजे माणसांनी तिथे बसून केलेल्या कामाच्या खुणा. १९२२ साली पुरातत्त्वज्ञ रेजिनल्ड एंगेलबाख यांनी या ओबेलिस्कचा बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा खंदकाच्या भिंतीवर त्यांना तांबड्या रंगाच्या उभ्या खुणा आढळल्या. कुणी किती खोल नेलं हे मोजण्यासाठी मुकादमानं केलेल्या त्या खुणा. गाईडनं हे सांगितल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे मोजमाप-वहीच की!" तिच्या साईटवर आजही रोजचं काम असंच मोजून घेतात. तांबडी रेघ आम्हाला पहिल्यांदा भेटली ती इथे, चित्रात नाही, मजुरीच्या हिशेबात.

दुपारी फिलीला गेलो. होडीनं जावं लागतं, कारण देऊळ बेटावर आहे, आणि ते बेटही मूळचं नव्हे. १९०२ साली अस्वानचं जुनं धरण झालं आणि इसिस देवीचं हे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात राहू लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी इथल्या खांबांवरचे रंग डोळ्यांनी पाहिले होते, ते सगळे त्या पाण्यात गेले. पुढे १९६० ते १९७० या काळात वरचं मोठं धरण झालं. तेव्हा युनेस्कोच्या मोहिमेत बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, देऊळ सुटं केलं आणि सुमारे ४० हजार दगड शेजारच्या अगिल्किया बेटावर नेऊन पुन्हा जुळवले. हे काम १९७२ ते १९८० चाललं. अगिल्कियाचा आकारही मूळ बेटासारखा दिसावा म्हणून सुरुंग लावून बदलला. रोमन सम्राट ट्रेजनच्या मंडपाच्या खांबांवर पाण्याची जुनी पातळी अजून दिसते, खालचा दगड काळपट आणि वरचा उजळ.

होडीवाला न्यूबियन होता, पन्नाशीचा. त्याच्या आजीचं गाव वरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. १९६३-६४ मध्ये हजारो न्यूबियन कुटुंबांना उठवून कोम ओम्बोच्या बाजूला वसवलं, नदीपासून लांब. "देऊळ दगड दगड मोजून इथे आणलं," तो गाईडमार्फत म्हणाला, "आजीचं घर मातीचं, ते खालीच राहिलं." मी त्याला उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ सांगितलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते कसं वर येतं, लोक कसे बघायला जातात ते. त्यानं लगेच विचारलं, "आणि गाव?" गावं हलवली, म्हटलं. तो बराच वेळ त्याबद्दल विचारत राहिला: जमीन मिळाली का, पाणी मिळालं का, म्हातारी माणसं नव्या जागी रमली का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. न्यूबियातला हा वारसा पाण्यात जाण्याआधी शोधून, नोंदवून ठेवायला अनेक देशांची पथकं गेली होती, आपल्या पुरातत्त्व खात्याचं एक पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली अफिये इथे उत्खनन करत होतं. हे त्याला माहीत नव्हतं आणि ऐकून बरं वाटलं.

फिलीत एक कोरीव लेख आहे, रोमन सम्राट हेड्रियनच्या दरवाजावर. २४ ऑगस्ट ३९४ या दिवशी एस्मेत-अखोम नावाच्या पुजाऱ्यानं मंडुलिस देवाची आकृती कोरली आणि शेजारी चित्रलिपीत ओळी लिहिल्या. तारीख असलेला हा चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख. आकृतीची रेघ डळमळीत आहे, प्रमाण सुटलेलं आहे. तीन हजारांहून अधिक वर्षं ज्या हातांनी ही कला चालवली, त्यातला अगदी शेवटचा हात हा. शिकवणारं कुणी उरलं नव्हतं, तरी त्यानं कोरलं. मी तिथे बराच वेळ उभी होते.

अबू सिंबेलला पहाटे बसनं गेलो, वाळवंटातून जवळपास २८० किलोमीटर. दुसऱ्या रामसेस राजाचे ते चार बसलेले पुतळे, प्रत्येकी २० मीटरच्या आसपास, एव्हाना सगळ्यांनी फोटोत पाहिलेत, म्हणून त्यांचं वर्णन करत नाही. भाचीला मात्र तिथून हलवावं लागलं. डोंगरात खोदलेलं आख्खं देऊळ १९६४ ते १९६८ मध्ये कापून शेकडो तुकड्यांत उचललं, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन, काँक्रीटच्या घुमटाला पुढून डोंगराचं रूप देऊन पुन्हा उभं केलं. चारांपैकी एका पुतळ्याचं धड आणि डोकं प्राचीन काळीच भूकंपात कोसळलेलं होतं. हलवणाऱ्यांनी ते जोडून बसवलं नाही, जसं पडलं होतं तसंच नव्या जागी जमिनीवर ठेवलं. त्यांचा हा संयम मला फार मोलाचा वाटला.

बोटीवरचं जगणं सोपं असतं. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लागतात, त्यामुळे आपल्या बोटीवर जायला दुसऱ्यांच्या दोन-तीन बोटींच्या आरपार जावं लागतं. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत: फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची उसळ, ताअमिया म्हणजे त्याच्याच वाटणाची तळलेली भजी, आणि गरम गरम रोटी. संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटतो. काठावर ऊस, बरसीम, खजुराची झाडं, आणि त्या हिरव्या पट्ट्याच्या मागे लगेच वाळवंट. हिरवं संपतं तिथे रेघ मारल्यासारखं संपतं.

कोम ओम्बोला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. हे जोड-देऊळ आहे, अर्धं मगरमुखी सोबेकचं, अर्धं ससाणामुखी थोरल्या होरसचं. दोन दारं, दोन गाभारे. शेजारच्या छोट्या संग्रहालयात मगरींच्या ममी आहेत, तिथे सगळे जातात. बाहेरच्या भिंतीवर शस्त्रक्रियेची म्हणून दाखवतात ती हत्यारं कोरलेली आहेत, तिथेही गर्दी. गाईड आम्हाला घेऊन गेला मागच्या बाजूला, आतल्या बोळातल्या लहान लहान खोल्यांकडे. तिथलं कोरीव काम पुरं झालेलं नाही. एका भिंतीवर आकृतीची फक्त कड कोरलीय, आत सगळं सपाट. शेजारी तीच पायरी थोडी पुढे गेलेली: कडेचा दगड उतरवलाय, अंग फुगीर झालंय, पण चेहऱ्याला डोळा नाही. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नजर फिरवत गेलं की काम कुठल्या क्रमानं चालायचं ते आपोआप कळत जातं. मी भाचीला म्हटलं, माझ्या वर्गात फळ्यावर मी हेच करायचे, एक चित्र चार टप्प्यांत. पोरांना पूर्ण चित्र दाखवलं की ती घाबरतात, टप्पे दाखवले की पेन्सिल हातात घेतात.

टॉलेमींच्या काळातल्या या आकृत्या पुढे लक्सरला दिसणाऱ्या आकृत्यांहून वेगळ्या आहेत. गाल भरलेले, पोट गोल, बेंबी खोल, ओठांवर किंचित हसू. कोरीव काम दाट, भिंतीचा तसूही मोकळा नाही. माझ्या डोळ्यांना ते जड वाटलं. एडफूला हेच आणखी जाणवलं. एडफूचं होरसचं देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं. वाळू आणि गाळात जवळजवळ माथ्यापर्यंत गाडलं गेल्यामुळे ते टिकलं, त्याच्या छतावर लोकांची घरं होती. १८६० च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्युस्त मारिएत यांनी ते मोकळं केलं. इजिप्तमधलं सगळ्यात शाबूत देऊळ हेच, आणि पुढून आत जाताना प्रत्येक दालनागणिक जमीन कशी चढते, छत कसं उतरतं, उजेड कसा कमी होतो हे समजायला याच्याइतकी चांगली जागा नाही. गाभाऱ्यात अख्ख्या काळ्या दगडातून घडवलेलं देवघर अजून जागेवर आहे. धक्क्यापासून देवळापर्यंत घोडागाड्या असतात. घोड्यांच्या बरगड्या दिसत होत्या, म्हणून आम्ही टुकटुक केली.

एस्नाला बोटी थांबतात त्या देवळासाठी नव्हे, जलपाशासाठी. एका वेळी मोजक्याच बोटी त्यातून खालच्या पातळीवर सोडतात, बाकीच्या रांगेत. फेरीवाले छोट्या होड्यांतून येऊन वरच्या डेकवर चादरी, झगे फेकतात आणि खालून भाव करतात. आमच्या गाईडनं हा रांगेचा वेळ साधला आणि आम्हाला ख्नूम देवाच्या देवळात नेलं. बाजाराच्या मधोमध सुमारे नऊ मीटर खोल खड्डा, आणि खड्ड्यात देऊळ. उरलाय तो फक्त पुढचा मंडप, २४ खांबांचा. शतकानुशतकांच्या काजळीखाली तो काळाठिक्कर होता. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी मिळून छत आणि खांब साफ करायला घेतले आणि काजळीखालून मूळ रंग निघाले: निळा, हिरवा, पिवळा, तांबडा, सगळे शाबूत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छतावर अशी अक्षरं सापडली जी कोरलेलीच नव्हती, फक्त शाईनं लिहिली होती. काही तारकासमूहांची नावं होती ती. पूर्वीच्या अभ्यासकांनी कोरलेलं सगळं नोंदवलं होतं, पण लिहिलेलं काजळीआड राहिलं होतं. छिन्नी लागण्याआधीची कुंचल्याची पायरी तिथे माझ्या डोक्यावर होती. मान दुखेपर्यंत वर पाहिलं.

त्या निळ्याबद्दल एक सांगायला हवं. गेरू, पिवळी माती, काजळी, जिप्समची पांढरी हे रंग निसर्गातून मिळतात. निळा त्यांनी बनवला. वाळू, चुना, तांब्याचं खनिज आणि क्षार एकत्र करून ९०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचे, मग तो गोळा कुटून रंग करायचा. माणसानं कृत्रिमरीत्या तयार केलेल्या अगदी पहिल्या रंगांपैकी हा आहे. पाच हजार वर्षं होत आली, उडालेला नाही.

लक्सरला बोट सोडली आणि हॉटेलात मुक्काम हलवला. कार्नाकच्या देवळात दार उघडतानाच गेलो. पुढचा भव्य दरवाजा, म्हणजे पहिला पायलॉन, मुळात पुराच झालेला नाही. दोन बुरूज सारख्या उंचीचे नाहीत, दगड घासून गुळगुळीत केलेले नाहीत. आत शिरून उजवीकडे वळलं की बुरुजाच्या मागच्या अंगाला कच्च्या विटांचा ढिगारा दिसतो. लोक त्याच्याकडे पाठ करून मेंढ्यांच्या मूर्तींचे फोटो काढतात. तो ढिगारा म्हणजे दगड वर चढवण्यासाठी रचलेल्या उताराचा उरलेला भाग आहे. काम संपलं की उतार उपसून काढायचा असायचा. इथे काम संपलंच नाही, म्हणून तो राहिला. भाचीनं त्या विटांना हात लावला नाही, पण त्यांच्यासमोर उकिडवी बसून वहीत मापं अंदाजानं लिहीत राहिली.

मग १३४ खांबांचा मंडप. मधले बारा खांब २१ मीटर उंच, बाकीचे बुटके, तरी चांगलेच उंच. याची उत्तर बाजू पहिल्या सेतीच्या काळात कोरली, दक्षिण बाजू त्याच्या मुलानं, दुसऱ्या रामसेसनं पुरी केली. बाप-लेकांच्या कामातला फरक हाताच्या अंतरावर उभं राहून पाहता येतो. सेतीचं काम उठावाचं: आकृतीभोवतीचा सगळा दगड उतरवायचा आणि आकृती वर ठेवायची. कष्ट फार, पण कड इतकी हळुवार, की गालावरून उजेड सरकताना दिसतो. रामसेसचं काम खोलगट: भोवतालचा दगड तसाच ठेवून आकृती आत कोरायची. हे लवकर होतं आणि उन्हात ठळक दिसतं, कारण कडेला गडद सावली पडते. म्हणूनच बाहेरच्या भिंतींवर खोलगट आणि आत उठाव अशी सर्वसाधारण पद्धत होती. रामसेसनं आतही खोलगटच केलं. त्याला भरपूर बांधायचं होतं आणि ते लांबून वाचलं जायला हवं होतं. कुणी काही म्हणो, मला सेतीची बाजू शंभर पटीनं सरस वाटते, आणि तिथेच ठरवलं की पश्चिम काठावर याच राजाचं थडगं पाहायचं, तिकीट कितीही असो.

लक्सरचं देऊळ रात्री दिव्यांत पाहिलं. दारातल्या ओबेलिस्कचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. आत अबू हग्गागची मशीद देवळाच्या खांबांवरच उभी आहे, आणि तिचा एक जुना दरवाजा आता हवेत उघडतो, कारण तो झाला तेव्हा जमीन तिथवर भरलेली होती. देऊळ, मग चर्च, मग मशीद, साडेतीन हजार वर्षांत या जागेवर प्रार्थना अशी थांबली नाही.

पश्चिम काठावरच्या राजांच्या दरीत, म्हणजे राजांची थडगी डोंगरात खोदली त्या जागी, साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतानखामुन, पाचवा-सहावा रामसेस आणि पहिला सेती यांची तिकिटं वेगळी, आणि सेतीचं सगळ्यात महाग. तुतानखामुनचं थडगं लहान आहे, त्याचं नाव झालं ते १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना आत सापडलेल्या वस्तूंमुळे. चित्रांसाठी जाणाऱ्यानं ते सोडलं तरी चालेल. साध्या तिकिटावर चौथ्या रामसेसचं थडगं मात्र बघाच. त्याचा नकाशा पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, काढलेला सापडलाय, दालनांच्या मापांसकट, आणि तो आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे.

सेतीचं थडगं १८१७ मध्ये इटालियन शोधक बेल्झोनीला सापडलं. डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून लांब, पायऱ्या, उतार, पुन्हा पायऱ्या. भिंती कार्नाकमध्ये पाहिलेल्या त्याच उठावाच्या कामाच्या, वर रंग. चार खांबांच्या दालनातून उजव्या हाताला काही पायऱ्या उतरतात आणि आपण एका अशा खोलीत येतो जिथे छिन्नी पोचलीच नाही. भिंती पांढऱ्या, आणि त्यांवर नुसती रेखाटनं. सूर्यदेवाचा रात्रीच्या बारा तासांचा प्रवास सांगणाऱ्या अम्दुआत या ग्रंथातली दृश्यं आहेत ती.

इथे माझा प्रश्न सुटला. आधी गेरूनं, म्हणजे तांबड्या रंगानं, आकृत्या काढल्या आहेत. मग दुसऱ्या कुणीतरी काळ्या रंगानं त्या दुरुस्त करून पक्क्या केल्या आहेत. तांबडी रेघ पातळ, चाचपडत जाणारी नव्हे पण सावध. काळी रेघ एका झटक्यात. एका देवाचा खांदा तांबड्यात किंचित वर गेलाय, काळ्यानं तो खाली घेतला. एका सापाचं वेटोळं तांबड्यात आखडलेलं आहे, काळ्यानं ते मोकळं केलं आणि शेपटीपर्यंत हात न उचलता गेला. एका ठिकाणी तांबडी रेघ इतकी नेमकी होती, की काळी तिच्यावरूनच गेलीय, तांबडी जेमतेम कडेनं डोकावते. ती पाहून मला फार आनंद झाला. तीन हजार वर्षांपूर्वी त्या शिकाऊ पोरानं त्या दिवशी एक रेघ अशी काढली होती, की उस्तादाला ती बदलावीशी वाटली नाही.

आकृत्या चुकत कशा नाहीत, याचं उत्तर रेखाटनाच्याही आधीच्या पायरीत आहे. गिलाव्यावर दोरी रंगात बुडवून ताणायची आणि टिचकी मारून सोडायची, आपले सुतार लाकडावर सूत मारतात तशी. उभ्या-आडव्या रेघांची चौकोनी जाळी तयार होते. उभ्या माणसाला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या कडेपर्यंत १८ चौकोन. गुडघा कुठल्या रेघेवर, खांदा कुठल्या, हे ठरलेलं. आकृती वीतभर असो की दोन पुरुष उंच, प्रमाण तेच. ज्या चित्रांचं काम पुरं झालं त्यांची जाळी रंगाखाली गेली. पण जाळी प्रमाण देते, जीव देत नाही. तो त्या काळ्या रेघेतून आला, हे या खोलीत उभं राहिल्यावरच मला कळलं.

पुढे शवपेटीच्या दालनात निळ्या छतावर नक्षत्रं आहेत. सेतीची शुभ्र अलाबास्टरची शवपेटी लंडनमध्ये सर जॉन सोन यांच्या संग्रहालयात आहे. १८२९ मध्ये शांपोलियाँ आणि रोसेलिनी यांच्या मोहिमेनं इथली दोन उठावशिल्पं भिंतीतून कापून नेली, एक पॅरिसला आहे, एक फ्लॉरेन्सला. चित्रलिपी ज्यानं उलगडली त्याच शांपोलियाँनं ही भिंत कापवली, हे मला अजून पचत नाही.

आता हे कुणी काढलं, तर त्यांची वस्ती डोंगराच्या पलीकडे देर अल-मदिना इथे आहे. दगड-मातीच्या घरांचे कमरेइतके पाये, मधून एक अरुंद गल्ली. राजांची थडगी खोदणारे, गिलावा करणारे, रेखाटणारे, कोरणारे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिले. डावी तुकडी आणि उजवी तुकडी अशी कामाची विभागणी. आठवडा दहा दिवसांचा, कामाच्या दिवसांत मुक्काम डोंगरावरच्या झोपड्यांत. थडग्यात उजेडासाठी तेलातल्या वाती, आणि त्या मोजून दिल्या जात. ब्रिटिश म्युझियममध्ये इथली एक हजेरी आहे, दगडाच्या चपट्या तुकड्यावर लिहिलेली, दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षाची. नावं आणि तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणं वर तांबड्या शाईत: विंचू चावला, डोळे दुखतात, बिअर करत होता, आईच्या प्रेताला कापड गुंडाळत होता.

मजुरी धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्य वेळेवर आलं नाही, तेव्हा या लोकांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस गेले आणि आम्ही उपाशी आहोत, असं त्यांनी सांगितल्याची नोंद पपायरसवर आहे. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप. आणि तो यशस्वी झाला, धान्य मिळालं.

स्वतःसाठीही त्यांनी थडगी केली, सुट्टीच्या दिवसांत. सेन्नेजेमचं थडगं १८८६ मध्ये न लुटलेलं सापडलं. अरुंद जिन्यानं वाकून खाली उतरलं की एकच खोली, कमानीच्या छताची, आमच्या स्वयंपाकघराहून फार मोठी नाही. इथे कोरीव काम नाही, गिलाव्यावर थेट रंग. पार्श्वभूमी उबदार पिवळी. एका भिंतीवर परलोकातलं शेत: सेन्नेजेम ठिपक्यांच्या गायींच्या जोडीनं नांगर धरून चाललाय, मागे बायको ईनेफेर्ती टोपलीतून बी पेरतेय. दोघांनी सणाला घालावेत असे पांढरेशुभ्र कपडे घातलेत. खाली पाटाचं पाणी, काठाला खजूर. राजांच्या थडग्यात सूर्य, साप, आगीचे कुंड, दैत्य. हेच लोक दहा-दहा दिवस ते काढत होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःसाठी नांगर काढला. या भिंतीवर रेघ सैल आहे, गायीच्या पायांत घाई दिसते, आणि ती मला सेतीच्या सगळ्या दालनांहून जवळची वाटली. भाची मात्र दुसऱ्याच गोष्टीनं हरखली: सेन्नेजेमबरोबर त्याचा गुण्या, ओळंबा आणि मोजपट्टीही पुरली होती, आणि ती कैरोत जपून ठेवली आहेत. तिनं तिथल्या तिथे गाईडला परतीच्या दिवसाचा कार्यक्रम बदलायला लावला.

कुणी जाणार असेल तर सांगते. बोटीच्या पॅकेजमध्ये पश्चिम काठाला अर्धा दिवस देतात. त्यात राजांची दरी, हत्शेप्सुत राणीचं देऊळ आणि मेम्नॉनचे दोन पुतळे एवढंच बसतं. बोट संपल्यावर लक्सरला स्वतंत्र मुक्काम ठेवा. देर अल-मदिना कार्यक्रमात नसतं, गाईडला आधी सांगावं लागतं. शेजारी कुर्नाच्या टेकडीवर वजीर रामोसेचं थडगं आहे, त्याच्या एका भिंतीवर न रंगवलेला, फक्त डोळ्यांत काळं भरलेला उठाव आहे आणि पलीकडे नुसती रेखाटनं, तेही त्याच फेरीत होतं. सेन्नेजेमच्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं मावतात, तेव्हा सकाळी आधी तिथे जा, आणि दरीकडे मग वळा.